मदत हवी आहे: हॉटेलवाले कार्डाचे फोटो मागताहेत, द्यावेत का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच परदेशात जायचं ठरलंय. विमानाची तिकिटं कंपनीच्या साइटवरूनच काढली, तिथे काही अडलं नाही. अडलंय ते हॉटेलपाशी. एका बुकिंग साइटवर खोली ठरवली. पैसे तिकडे गेल्यावर द्यायचे, कार्ड फक्त हमीपुरतं. आता हॉटेलकडून ईमेल आलंय की क्रेडिट कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. शिवाय त्याच साइटच्या चॅटमध्ये "कार्ड पडताळणी"साठी लिंक आली आहे. २४ तासांत केली नाही तर बुकिंग रद्द, म्हणे.

मी अजून काहीच पाठवलेलं नाही. मागच्या बाजूला सीव्हीव्ही (ऑनलाइन पैसे भरताना लागणारा तीन आकडी गुप्त क्रमांक) असतो, आणि कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस नियमांनुसार व्यवहार मंजूर झाल्यावर तो कुणीही साठवून ठेवायचा नसतो. ईमेलमधला फोटो तर कितीतरी दिवस कुणाकुणाच्या इनबॉक्समध्ये पडून राहणार! पण चॅट खऱ्या साइटचाच आहे, त्यात आमची नावं आणि तारखाही बरोबर आहेत, म्हणून गोंधळ उडालाय. लिंकवर भरवसा ठेवावा का? आणि बँकेच्या ॲपमधलं व्हर्च्युअल कार्ड (हातात न मिळणारं, फक्त ऑनलाइन वापरायच्या वेगळ्या नंबरचं) अशा ठिकाणी चालतं का? बाबा फार काळजीत आहेत, जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १
ताई, लिंक उघडू नका. चॅट खरा असला तरी पलीकडे हॉटेलच असेल असं नाही. हॉटेलच्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरून भामटे त्याच खात्यातून पाहुण्यांना निरोप पाठवतात, त्यामुळे नाव-तारखा बरोबरच असतात. घाई करायला लावणं ही त्यांची नेहमीची रीत. लिंकच्या पानावर, वर पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह दिसलं तरी हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत माहिती कुणाला वाचता येणार नाही. पान कुणाचं आहे ते कुलूप सांगत नाही. साइटचं ॲप स्वतः उघडून तुमच्या बुकिंगचं पान बघा. कार्डात खरंच अडचण असेल तर बहुधा तिथेच सूचना दिसेल. मग हॉटेलचा नंबर वेगळा शोधून फोन करा, निरोपातला नंबर नको.

प्रतिसाद २
व्हर्च्युअल कार्डाबद्दल: पूर्ण पैसे आधीच भरायचे असतील तर ते उत्तम, कारण नंबर फुटला तरी मूळ कार्ड सुरक्षित राहतं. पण हमीसाठी दिलं तर चेक-इनला काही हॉटेलं तेच कार्ड हातात मागतात, तेव्हा पंचाईत होते. आधी विचारून घ्या. आणि डेबिट कार्ड अजिबात देऊ नका. हॉटेल अनामत म्हणून रक्कम अडकवून ठेवतं. क्रेडिटमध्ये ती मर्यादेतून कमी होते, डेबिटमध्ये मात्र तुमचेच खात्यातले पैसे अडकतात.

आणखी एक, परदेशी व्यापारी पुष्कळदा ओटीपीशिवायच पैसे वळते करतात. त्यामुळे ओटीपी आपल्याकडे आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहारांची मर्यादा गरजेपुरतीच ठेवा, काम झालं की ते बंद करा. अनोळखी रक्कम गेलेली दिसली तर लगेच कार्ड ब्लॉक करून बँकेत लेखी तक्रार नोंदवा. चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागायला मुदत असते.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बुकिंगच्या पानावर कार्डाबद्दल एकही सूचना नाही, बुकिंग पक्कं दिसतंय. चॅटमधला निरोप साइटच्या ग्राहकसेवेला कळवला. हॉटेलला आता फोन लावते. पण ईमेल खरंच त्यांचंच निघालं आणि ते फोटोवर अडून बसले तर?

प्रतिसाद १
तर पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे भरायच्या सुरक्षित सेवेची) लिंक साइटमार्फत पाठवायला सांगा, किंवा कार्ड काउंटरवर दाखवू म्हणा. दोन्ही नाकारलं तर मोफत रद्द करण्याची मुदत आहे तोवर दुसरं हॉटेल बघा.