सिनेमाची डिस्क ठेवावी की डाउनलोडवर भागवावं?

पोटमाळा (लालबाग)

बाजू आधीच सांगतो, मी डिस्कवाला. आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तात्पुरतं वन आरकेत जायचंय, आणि घरात ठराव झालाय की माझी सीड्यांची खोकी भंगारवाल्याला द्यायची. धाकट्या भावाचा मुद्दा एकच: "आता सगळं ऑनलाइन मिळतं."

मिळतं, पण कुणाच्या मर्जीवर? 'बाय' (विकत घ्या) दाबून घेतलेला सिनेमा आपला होत नाही. आपल्याला मिळतो बघण्याचा परवाना. दुकानदाराचा निर्मात्याशी असलेला करार संपला की त्या परवान्याचं काय होईल, ते आपल्या हातात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवाल्यांना कळवलं, की तुम्ही पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम तुमच्या लायब्ररीतून काढले जातील. बोंबाबोंब झाली, मग निर्णय मागे घेतला, ते सोडा. अल्ट्राव्हायोलेट नावाचं अख्खं डिजिटल कपाट ३१ जुलै २०१९ ला बंद झालं. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदा आहे: नुसता परवाना विकत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्वच्छ सांगा.

दुसरं, दर्जा. ४के (खूप बारीक तपशिलाच्या चित्राची) ब्लू-रे डिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची, ५०, ६६ किंवा १०० जीबीची असते. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की ४के बघताना तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे अडीच तासांचा सिनेमा साडेसतरा जीबीत कोंबला. अंधार, धुकं, पाऊस असलेल्या प्रसंगांत ही काटकसर लगेच दिसते, काळ्या रंगात पट्टे आणि चौकोन पडतात. आवाजाचं तेच. ॲटमॉस (चहूबाजूंनी येणारा आवाज) दोन्हीकडे लिहिलेलं असतं, पण डिस्कवर मूळ आवाजातलं काही गाळलेलं नसतं, स्ट्रीमवर गाळलेलं असतं.

आता तुम्ही बोला. जरा जोर लावून बोला, घरी तोंड द्यायचंय.

विरार_फास्ट

दादा, लोकलमध्ये डिस्क कुठे लावू? रात्री वाय-फायवर उतरवायचा, अर्धा जाताना बघायचा, अर्धा येताना. घरी पोचल्यावर टीव्ही आईच्या मालिकांचा.

नॅशनल_पार्क_पलीकडे (बोरिवली)

पोटमाळा, आकडे देताय १०० जीबीच्या डिस्कचे, पण खोक्यात काय आहे? निम्म्या व्हीसीडी (साध्या सीडीवर भरलेले सिनेमे) असणार, पैज लावते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एका चकतीवर ७४ ते ८० मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन चकत्यांत, आणि ऐन रंगात आला की कुणीतरी उठायचं. आजच्या ५५ इंची टीव्हीवर ती लावून बघा, नायिका कोण आणि तिची आई कोण तेही कळणार नाही.

मराठी सिनेमाच्या व्हीसीड्यांबद्दल तर बोलायलाच नको. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, खालून सरकणारी त्याच कंपनीच्या इतर सीड्यांची जाहिरात, प्रिंटवर उभ्या रेघा, गाण्याचं एक कडवं बेपत्ता. हे असलं 'मालकीचं' असून उपयोग काय?

शिवाय लावणार कशावर? सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं, २०२४ च्या शेवटी एलजीने हात वर केले. लॅपटॉपमधून डिस्कचा ट्रे कधीच गेला. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, सीड्यांचं एवढं नावाजलेलं दुकान, २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हाच आपण समजून घ्यायला हवं होतं. १०० जीबीची डिस्क मुंबईत कुठल्या दुकानात जाऊन हातात घेऊ शकता ते सांगा, मी रविवारी जाते.

पोटमाळा

पैज जिंकलात, निम्म्या व्हीसीडीच आहेत. पण त्यातच असे मराठी सिनेमे आहेत जे आज एकाही ॲपवर सापडत नाहीत. यूट्यूबवर जे सापडतात तेही कुणीतरी व्हीसीडीवरूनच चढवलेत. तोच शिक्का, तीच सरकती जाहिरात, तेच कडवं बेपत्ता! तुमचं ऑनलाइन आमच्याच खोक्यातून गेलंय, ताई. उद्या हक्कदाराने तक्रार केली की तेही उतरेल.

आणि त्या काळात डिस्क स्वस्त झाली हे विसरू नका. मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा माझ्यासारख्या पोराने पहिल्यांदा फुटपाथ सोडून अस्सल माल घेतला.

गिरगाव_नाका

१४ मार्च १९३१. आमच्या मॅजेस्टिक थिएटरला 'आलम आरा' लागला, भारताचा पहिला बोलपट. आज त्याची एक प्रत शिल्लक नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात आग लागली आणि सरकारी फिल्म अर्काइव्हच्या (सिनेमा जतन करणाऱ्या संग्रहाच्या) नायट्रेट फिल्म, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिती, गेल्या. एका ठिकाणी ठेवलेलं एका रात्रीत जातं. हजार घरांत हजार चकत्या असतील तर सगळ्या एकदम जात नाहीत. खोकी ठेवा.

नॅशनल_पार्क_पलीकडे

काका, मुद्दा भावनिक आहे, पण ३५२ बाय २८८ ला जतन म्हणू नका. जतन निगेटिव्हचं होतं, चांगल्या प्रिंटचं होतं. पुण्याची अर्काइव्ह ते करते, मुंबईत २०१४ पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन करते. तिथे मूळ फिल्म साफ करून, फ्रेम-फ्रेम स्कॅन करून काम चालतं. लालबागच्या पोटमाळ्यावर नाही.

गिरगाव_नाका

ज्या सिनेमाची निगेटिव्हच सापडत नाही त्याचं काय करतात तिथे? मिळेल ती प्रत घेऊन बसतात. मग ती आपल्याकडे असलेली बरी ना.

टेली_ग्रामस्थ

एवढी डोकेफोड कशाला? टेलिग्रामचं चॅनल जॉइन करा, शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी फोनवर.

विरार_फास्ट

हो, आणि पुढच्या शुक्रवारी पोलीस. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात पायरसीला कमीत कमी ३ महिने कैद आणि ३ लाख दंड आहे. तुम्ही नुसते बघणारे असाल, चॅनल चालवणारा कुणीतरी आहेच.

केबल_टाकणारा (चेंबूर)

इथे तीन गोष्टींची खिचडी झालीय. स्ट्रीम, ॲपमधलं डाउनलोड आणि खरीखुरी फाइल.

ॲपमध्ये उतरवलेला सिनेमा ही तुमची फाइल नसते. ती कुलूपबंद असते, त्याच ॲपमध्ये चालते आणि तिला मुदत असते. भाड्याने घेतला तर साधारण ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. विरारवाल्यांना ते पुरतं, कारण त्यांना सिनेमा बघून सोडून द्यायचाय. गंमत अशी की ॲपलकडून ४के सिनेमा विकत घेतला तरी ४के फक्त स्ट्रीम होतो, उतरवलात तर एचडीच हाती लागतो. पूर्ण पैसे, कमी चित्र.

तिसरी गोष्ट म्हणजे बिनकुलपाची फाइल, कुठेही ठेवा, कशावरही लावा. पोटमाळांनी सांगितलेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा कायमच्या डाउनलोडला सूट आहे, कारण ते परत काढून घेता येत नाही. गाण्यांचे अल्बम असे मिळतात. मोठे सिनेमावाले मात्र असं विकत नाहीत. ते विकायला लागले तर मी आजच डिस्कवाल्यांची बाजू सोडतो. तोवर भांडण डिस्क आणि डाउनलोडचं नाही, कुलपाचं आहे.

आणि व्हीसीडीला कुलूपच नाही! संगणकात घाला, एमपीईजीएव्ही फोल्डर उघडा, आतली डॅट फाइल उचलून हार्ड डिस्कवर टाका, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. डीव्हीडी आणि ब्लू-रेला कुलूप आहे. ते तोडण्याबद्दल कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलम ६५अ आहे. त्यात हक्कभंगाच्या हेतूने तोडणं गुन्हा म्हटलंय. स्वतःच्या डिस्कची घरापुरती प्रत त्यात येते का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. मी केबल टाकतो.

आईचा_रिमोट (मुलुंड)

कुणी वयस्कर माणसांचं बोलत नाही. आमच्याकडे डीव्हीडी प्लेअर होता तोवर आई स्वतः डिस्क घालायची, स्वतः बघायची. आता टीव्ही उघडला की आधी प्रोफाइल विचारतो, मग अपडेट मागतो, मग ओटीपी येतो माझ्या फोनवर आणि मी असते ऑफिसात. सिनेमा बघायला मुलीची परवानगी लागावी हे तिला अपमानास्पद वाटतं. मलाही.

विरार_फास्ट

ताई, रिमोटवरचं माइकचं बटण दाखवा त्यांना. आमची आजी मराठीतून हुकूम सोडते. समोर भलतंच लागलं तरी तेच बघते.

दमट_हवा (दादर)

डिस्कवाले आणि डाउनलोडवाले, दोघंही पावसाळा विसरलेत. समुद्रापासून पाच मिनिटांवर राहतो. कागदी पाकिटात आडव्या रचलेल्या सीड्यांवर बुरशी चढते, प्लेअरच्या लेन्सवर चढते, न वापरता पडून असलेली हार्ड डिस्क तर न सांगता जाते.

कारखान्यात छापलेली डिस्क आणि घरी बर्न केलेली डिस्क यात मोठा फरक. छापलेलीत माहिती खड्ड्यांच्या रूपात दाबलेली असते, बर्न केलेलीत ती रसायनाच्या थरावर असते आणि तो थर ऊन, उष्मा सोसत नाही. म्हणून दुकानातल्या व्हीसीड्या अजून चालतात आणि लग्नाची कॅसेट ज्या सीडीवर उतरवून घेतली ती चालत नाही. पोटमाळा, खोक्यात बर्न केलेल्या काही असतील तर हा वाद बाजूला ठेवून आधी त्यांची प्रत काढा. बाकीच्या प्लास्टिकच्या डबीत उभ्या ठेवा, सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) टाका. पुसताना मधून कडेकडे पुसा, गोल गोल फिरवू नका.

नॅशनल_पार्क_पलीकडे

म्हणजे बघा. डबी, जेल, उभी मांडणी, आणि वर हार्ड डिस्कवर प्रती. वन आरकेत. महिन्याचे दोनशे रुपये टाकून मी यातून मोकळी. एखादा सिनेमा उद्या गायब झाला तर दुसरा बघेन, आयुष्यात बघायचे राहिलेले कमी आहेत का?

पोटमाळा

तुमचं म्हणणं कळतं, पण मला दुसरा बघायचा नसतो, तोच बघायचा असतो. यावर आपलं जमणार नाही, राहू दे.

तूर्त असं ठरवतोय: जे हिंदी सिनेमे कुठेही चांगल्या चित्रात मिळतात त्यांच्या व्हीसीड्या गेल्या. मराठी राहतील. ब्लू-रे मोजक्याच आहेत, त्या कपड्यांच्या बॅगेत मावतात, भावाला कळणारही नाही.

नॅशनल_पार्क_पलीकडे

मराठीच्या फाइली काढल्यावर त्या चकत्या तरी कशाला?

पोटमाळा

फाइल बिघडली तर पुन्हा कुठून काढू? आणि कव्हरच्या मागे कलाकारांची, गाण्यांची यादी असते. बऱ्याच सिनेमांची तेवढीही माहिती इंटरनेटवर धड नाही.

केबल_टाकणारा

कव्हरांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा मग. माझ्याकडे यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह पडून आहे. चेंबूर स्टेशनला येऊन घेऊन जा, काम झालं की परत द्या. आणि ती बर्न केलेली लग्नाची असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा.