मदत हवी आहे : छत-बॉनेट रंगवावंच लागेल की पॉलिशनं भागेल? (जालना)

मंडळी, गाडी बाबांची. पांढरी हॅचबॅक, २०१४ ची. राहतो जालन्यात, एमआयडीसीला लागून. सळई इथून राज्यभर जाते, मिलची धूळ तेवढी आमच्या गच्चीवर थांबते. गाडी पहिल्या दिवसापासून उघड्यावर उभी.

छताची चकाकी पार गेलीय. दारांवर टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके आहेत, शाम्पूनं हलत नाहीत. बॉनेटवर पाण्याचे पांढरे गोल डाग, कारण ज्या बोअरच्या पाण्यानं आमच्या गिझरची कॉइल टिकत नाही त्यानंच गाडी धुतो. शिवाय उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. त्याचं कारण मला माहीत आहे. बाबा रोज सकाळी गाडीला कोरडा फडका मारतात. फडका म्हणजे जुना बनियन. इतक्या वर्षांत एक दिवस खाडा नाही, त्यामुळे बोलायची हिंमत होत नाही.

संभाजीनगरच्या एका डिटेलिंगवाल्यानं गाडी न बघताच फोनवर सिरॅमिक कोटिंगचे (रंगावर बसवायचा पारदर्शक संरक्षक थर) १८ हजार सांगितले. गल्लीतला पेंटर छत-बॉनेट ९ हजारांत मारून देतो म्हणतो. दिवाळीत एका वॉशिंग सेंटरवर ८०० रुपयांत रबिंग (मशीननं घासून पॉलिश) केलं होतं. चार धुण्यांत चमक उतरली आणि उन्हात गोल चकत्या दिसायला लागल्या.

कुणाचं ऐकू?

प्रतिसाद १
ठिपके पत्र्याच्या गंजाचे नसावेत. हवेतले लोखंडाचे कण रंगात रुततात आणि तिथंच गंजतात. आयर्न रिमूव्हर मारून बघा, लोखंड असेल तर दोन-चार मिनिटांत जांभळे ओघळ येतील. गाडी सावलीत हवी, पत्रा गार हवा, आणि औषध वाळायच्या आत धुऊन टाका. वास सडक्या अंड्यासारखा येतो, घाबरू नका. मग भरपूर फेस ठेवून क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी, फिरवा. पॉलिशच्या मशीनची पाळी त्यानंतर, नाहीतर तेच कण पॅडखाली सापडून अख्ख्या गाडीवर घासले जातात. चकत्या बहुधा लोकरी पॅड आणि रोटरी मशीनच्या, नवख्या हातानं त्या हमखास पडतात.

प्रतिसाद २
कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. वरचं लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असलं तर त्यातलं ४०-५० च. पॉलिश म्हणजे हाच थर थोडा घासून सपाट करणं. चमक वरून लावता येत नाही, आणि घासलेलं परत येत नाही. म्हणून जाडी मोजायचं मीटर आहे का, हे आधी विचारा. नसेल तर चहा पिऊन निघा.

छतावरून नख फिरवा. कड लागली, पापुद्रा उचलला जात असेल, तर तिथं पॉलिशला दिलेले पैसे पाण्यात. नसेल तर मध्ये टेप लावून एका बाजूला वीतभर जागा करून दाखवायला सांगा.

सिरॅमिकचं म्हणाल तर ते तसबिरीला काच बसवण्यासारखं आहे. फोटोवरचा डाग काचेखाली तसाच राहतो. बोअरच्या पाण्याचे डाग कोटिंगवरही पडतात, हे विकणारा सांगत नाही.

धागाकर्ता
रविवारी करून बघितलं. ड्रायव्हरच्या दारावरून जांभळं पाणी ओघळायला लागलं तसे बाबा आतून धावत आले, म्हणाले रंग काढतोय का रे! हात फिरवायला दिला तेव्हा गप्प झाले. दार काचेसारखं गुळगुळीत लागतंय.

छताचं मात्र खरं नाही. अँटेनाच्या मागं तळहाताएवढा पापुद्रा सुटलाय. म्हणजे छत पेंटरकडे आणि बाकी पॉलिश. बॉनेट वाचलं. आधी काय करू?

प्रतिसाद २
आधी छत. रंगाचा बारीक फवारा शेजारच्या पत्र्यावर बसलाच तर पॉलिश करताना निघून जाईल. नवा रंग वरून वाळला तरी आतून पक्का व्हायला महिनाभर द्या, तोवर छतावर वॅक्स-कोटिंग काही नको. बॉनेटच्या डागांना पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून लावा आणि लगेच धुवा. तरी राहिले तर डाग लॅकरमध्ये खोल गेलेत, ते मशीनवाल्यावर सोडा.

बाबांचा नेम मोडू नका. बनियन काढून हातात मायक्रोफायबर द्या, आणि पुसायच्या आधी बाटलीनं पाणी फवारायला सांगा. ते पाणी तेवढं आरओचं असू द्या.