कथक देवळातलं की कोठ्यावरचं?

तत्कार_थकेली:
भाचीची कथकची परीक्षा आहे म्हणून काल तिची थिअरीची वही चाळत होते. पहिलाच प्रश्न, कथकचा उगम. उत्तर सहा ओळी: कथाकार देवळात गोष्टी सांगायचे, मग मुघल आले, नाच दरबारात जाऊन बिघडला, मग गुरूंनी तो शुद्ध केला. मीही हेच घोकून मार्क मिळवलेत. पण यात तवायफ, म्हणजे कोठ्यांवर गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणी, कुठेच नाहीत हो! ठुमरीवर, म्हणजे शृंगाराच्या हळुवार गाण्यावर, बसल्या जागी भाव करायचा, नुसत्या भुवईनं आणि मनगटानं एकाच ओळीचे दहा अर्थ काढायचे, हे लखनौच्या कोठ्यांवरच्या बायकांनी जपलं आणि घराण्यांच्या वंशावळीत मात्र सगळी पुरुषांची नावं. माझं मत विचाराल तर ही देवळाची गोष्ट विसाव्या शतकात 'चांगल्या घरच्या' मुलींना नाच शिकवता यावा म्हणून जास्त ठासून सांगितली गेली.

पखवाजप्रेमी:
अजिबात पटलं नाही. 'कथा कहे सो कथक कहावे', शब्दातच उत्तर आहे. महाभारतात आदिपर्वात अर्जुन वनवासाला निघतो तेव्हा बरोबर जाणाऱ्यांत कथक आहेत, तिथे कुठला नवाब आला? आणि आपलं कीर्तन बघा की, उत्तररंगात बुवा उपरणं डोक्यावर ओढून यशोदा होतात आणि अर्धी गिरकी घेतली की कृष्ण. कथकमधला गतभाव, एकट्यानं सगळी पात्रं होऊन गोष्ट नाचून दाखवणं, म्हणजे वेगळं काय असतं?

तत्कार_थकेली:
कीर्तनाचं उदाहरण मस्त, पण ते माझ्याच बाजूनं जातं. बुवांना कुणी नर्तक म्हणतं का? महाभारतातले कथक गोष्टी सांगणारे आहेत, नाचणारे नाहीत. शब्द जुना म्हणून नाचही तेवढाच जुना असं कसं? बरं 'आमद', म्हणजे नाचातला प्रवेशाचा तुकडा, हा शब्द फारसी, आणि सलाम करत संपणारी 'सलामी' तर उघडच आहे. आमच्या क्लासमध्ये मध्येच एका वर्षी सलामीचा नमस्कार झाला. बोल तेच, तीनदा म्हणायची तिहाई तीच, फक्त समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, कपाळाकडे जाणारा हात जोडला जायला लागला. विचारलं तर बाई हसल्या नुसत्या.

निवांत_नाना:
दोघंही ओढाताण करताय. लखनौ घराण्याचीच कथा घ्या, अलाहाबादजवळच्या हंडियाच्या ईश्वरीप्रसादांना स्वप्नात कृष्ण दिसला म्हणे, आणि त्याच घराण्यातले ठाकूरप्रसाद अवधचा नवाब वाजिद अली शाहच्या दरबारी. हा नवाब स्वतः राधाकृष्णाचे रहस, म्हणजे रासलीलेसारखी नृत्यनाट्यं, बसवायचा. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध घेतलं तेव्हा तो कलकत्त्याला मटियाबुर्जला गेला, तिथेही गाणं-नाचणं सुटलं नाही. आणि याच घराण्यातल्या बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्या कृष्णाच्याच, पण शिकायला तवायफाही यायच्या. आता यातलं देऊळ कुठलं आणि कोठा कुठला, सांगा वेगळं करून.

पखवाजप्रेमी:
ते लखनौपुरतं झालं. जयपूर घराणं घ्या, पखवाजाचे परण म्हणजे जोरकस बोल, चक्कर म्हणजे गिरक्या, तत्कार म्हणजे पायांचं काम. तिथे काय नजाकत आणि काय तवायफ!

तत्कार_थकेली:
जयपूरला राजाचा गुणीजनखाना होता, गाणारे वाजवणारे पगारी, त्यात नाचणाऱ्या बायकाही होत्या. म्हणजे तोही दरबारच की!

घुंगरू_गाठी:
मी जरा वेगळं बोलते. आजीला नाच शिकायचा होता तर पणजोबा म्हणाले, तमाशात जायचंय का. विषय संपला. तिच्या आधीच कथक नर्तकी मॅडम मेनका, म्हणजे लीला सोखी, खंडाळ्यात शाळा काढून बसल्या होत्या, १९३६ ला बर्लिनपर्यंत जाऊन आल्या. १९४७ ला पुण्यात रोहिणी भाटेंनी नृत्यभारती ही कथकची संस्था काढली. पण घरोघरच्या बापांना पटवायला देवळाची गोष्टच कामी आली असणार, आईला तरी त्यावरच परवानगी मिळाली. त्यामुळे त्या गोष्टीला नुसतं खोटं म्हणताना माझी जीभ अडखळते. फक्त आम्ही ज्या दारातून आत आलो ते ज्यांच्या तोंडावर लावलं गेलं त्यांचं नावही वहीत नाही, हे खटकतंच. लावणीचंही तेच, बैठकीची लावणी अदा करणारीला आपण कलावंत म्हणायला किती उशीर केला.

पखवाजप्रेमी:
हे मान्य, बायकांची नावं यायला हवीत. उगम मात्र देवळातच. आणि ते 'दरबारात बिघडलं' वाक्य मलाही आवडत नाही, बिघडलं असतं तर टिकलं कसं असतं.

निवांत_नाना:
पण भाचीनं परीक्षेत काय लिहायचं?

तत्कार_थकेली:
सहा ओळी आहेत तशा लिही म्हटलं, मार्क हवेत ना. खाली सातवी ओळ तवायफांची घालायला सांगितली आहे.

पखवाजप्रेमी:
मग आठवी जयपूरची घाला.