मदत हवी आहे: इलास्टिकसर्चमध्ये काही लॉग पोहोचतच नाहीत

मंडळी, आमच्या सगळ्या सर्व्हिस जेसन या डेटा फॉरमॅटमध्ये लॉग (कामकाजाच्या नोंदी) लिहितात, फ्लुएंट बिट हे लॉग गोळा करणारं टूल ते उचलून इलास्टिकसर्च या शोधासाठीच्या डेटाबेसमध्ये टाकतं आणि आम्ही किबाना या त्याच्या स्क्रीनवरून शोधतो. शोध झकास चालतो, पण एखाद्या दिवशी पेमेंटचे एरर गायब, तर दुसऱ्या दिवशी लॉगिनचे.

फ्लुएंट बिटमध्ये ट्रेस एरर (इलास्टिकसर्चकडून आलेले एरर दाखवणारा पर्याय) चालू केल्यावर ४०० (विनंती चुकीची) हा कोड आणि मॅपिंगची (कोणत्या फील्डचा टाइप काय, त्याची) तक्रार दिसली. 'युजर' हे फील्ड लॉगिनवाले साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणून पाठवतात, पेमेंटवाले त्यात अख्खं ऑब्जेक्ट (अनेक फील्डचा गट) कोंबतात. रोजच्या नोंदींचा वेगळा इंडेक्स (संच) असतो; त्याची तारीख यूटीसी या जागतिक वेळेप्रमाणे, त्यामुळे पहाटे साडेपाचला नवा इंडेक्स बनतो. पहिली नोंद ज्याची, त्याचा टाइप पक्का. दुसऱ्याच्या नोंदी दिवसभर बाहेर. निव्वळ लॉटरी!

'इग्नोर मालफॉर्म्ड' (चुकीच्या टाइपचं मूल्य सोडून बाकी नोंद घेणारी सेटिंग) इथे कामाचं नाही, स्ट्रिंगच्या जागी ऑब्जेक्ट आलं की ते हात वर करतं. प्रत्येक सर्व्हिसला वेगळा इंडेक्स द्यावा, की फ्लुएंट बिटमध्येच लुआ फिल्टर (लुआ भाषेतली छोटी स्क्रिप्ट) लावून फील्डचं नाव बदलावं? दोन्ही टीमना एकच स्कीमा (फील्डची ठरलेली रचना) पाळायला लावणं उत्तम, पण ते इतक्यात होणं कठीण. लुआ फिल्टर भरपूर ट्रॅफिकवर कोणी चालवलाय का? सीपीयूवर किती ताण येतो? आणि नाकारलेल्या नोंदी तुम्ही कुठे साठवता?