शब्दचर्चा: ‘समाज’, ‘संस्था’ आणि अकरावीचे पेपर

फळा-खडू
अकरावी कला शाखेला समाजशास्त्र शिकवतो. तालुक्याचं गाव, मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. घटक चाचणीत साधा प्रश्न टाकला होता: ‘समाज म्हणजे काय ते उदाहरणासह लिहा.’ ४६ पैकी निम्म्याहून जास्त पेपरांत एकाच धाटणीची उदाहरणं: धनगर समाज, माळी समाज, मराठा समाज, मातंग समाज. एकाने तर ‘आमचा समाज’ म्हणून वधूवर मेळाव्याचं पानभर वर्णन केलं आहे, जेवणाच्या मेनूसकट. पुढचा प्रश्न ‘सामाजिक संस्थेची दोन उदाहरणे’. उत्तरं: पतसंस्था, दूध संस्था आणि आमचीच शिक्षण संस्था, अध्यक्षांच्या नावापुढे ‘माननीय’ लावून.

पुस्तकाप्रमाणे सगळं चूक. लाल पेन उघडलं आणि थांबलो, कारण मराठी म्हणून पाहिलं तर यात चुकीचं काय ते मला सांगता येईना. जाणकारांनी सांगावं.

कोशकिडा
सर, चूक काहीच नाही. समाज म्हणजे मुळात ‘एकत्र जमणे’. सम् हा उपसर्ग आणि अज् म्हणजे हाकणे, चालवणे हा धातू. अमरकोशात गमतीदार भेद आहे: ‘पशूनां समजोऽन्येषां समाजः’. गुरांचा जमाव तो समज, इतरांचा तो समाज. (मराठी ‘समजणे’चा याच्याशी काही संबंध नाही, ते ‘संबुध्’पासून आलं. पण वर्गात सांगून बघा, समज आणि समाज यांतला फरक मुलं जन्मात विसरणार नाहीत.)

त्याहून जुना दाखला अशोकाचा. गिरनारच्या पहिल्या शिलालेखात ‘न च समाजो कतव्यो’ असं आहे, म्हणजे समाज भरवू नये! तिथे समाज म्हणजे जत्रा, उत्सवी मेळावा. त्यामुळे वधूवर मेळाव्याचं वर्णन करणारा तुमचा विद्यार्थी अशोकाच्या अर्थाला वर्गात सगळ्यात जवळ आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात समाज म्हणजे ठरावीक उद्देशाने एकत्र आलेल्यांची संघटना. प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक समाज १८७३, आर्य समाज १८७५. पुण्यात भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज १९११चा. तो गाणाऱ्यांचा समाज, म्हणून काही ती वेगळी जात नव्हे. सगळ्या माणसांच्या परस्परसंबंधांचं जाळं हा तुमच्या पुस्तकातला अर्थ म्हणजे या घरातलं शेंडेफळ.

वकीलकाकू
माझ्या बाजूने आणखी गुंता वाढवते. १८६०चा जो सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट, तो मराठीत ‘संस्था नोंदणी अधिनियम’. १९६०चा सहकाराचा कायदा तो ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम’. म्हणजे सोसायटीला कायद्यात संस्था म्हणायचं आणि समाजशास्त्रात समाज. तुमच्या मुलांनी पतसंस्थेला संस्था म्हटलं तर ती कायद्याचीच भाषा बोलताहेत. लाल पेन चालवताना सांभाळून, अपील होईल.

रोखठोक
एवढा घोळ आहे तर सरळ सोसायटी, इन्स्टिट्यूशन, कम्युनिटी असे शब्द वापरा ना. पुढे नेट-सेटला तेच लागतात. परिभाषेचे लाड किती दिवस करायचे?

फळा-खडू
वापरून पाहिलं. आमच्याकडे ‘सोसायटी’ म्हटलं की पीककर्ज. गावची विकास सोसायटी, तिचा सचिव, मार्चअखेरची वसुली. एका मुलाने विचारलंच, ‘सर, सोसायटी थकली असेल तर?’

रोखठोक
बरं. कम्युनिटी तरी?

निवृत्त मास्तरीण
मराठा कम्युनिटी, लिंगायत कम्युनिटी. म्हणजे फिरून त्याच घरी.

तीस वर्षं हाच विषय शिकवला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आपल्याकडे समाजशास्त्र आधी इंग्रजीत रुजलं. मुंबई विद्यापीठात १९१९ साली विभाग निघाला, प्रमुख पॅट्रिक गेडिस. नंतर घुर्ये आले. त्यांचं जातीवरचं १९३२चं पुस्तकसुद्धा इंग्रजीत. मराठी परिभाषा मागाहून बेतली आणि बेतताना हाताशी असलेले रोजचेच शब्द घेतले. भौतिकशास्त्रवाल्यांचं बरं आहे, ‘अपवर्तनांक’ हा शब्द कुणाच्या घरात आधीपासून नांदत नसतो. आपले समाज, संस्था, भूमिका, दर्जा हे सगळे आधीच संसारी झालेले शब्द. ‘भूमिका’ म्हटलं की मुलांना नाटक आठवतं, नाहीतर ‘पक्षाने भूमिका स्पष्ट करावी’. ‘दर्जा’ म्हटलं की साडीचा पोत. ‘प्रत्येकाला दर्जा असतो’ हे वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा म्हणाला, ‘मॅडम, आमच्या मामाला काहीच दर्जा नाही.’ आणि जन्माने मिळतो तो अर्पित, कमावलेला तो अर्जित! एका अक्षराच्या फरकावर मुलांचे गुण टांगायचे, हे ज्याला सुचलं त्याने अकरावीचे पेपर कधी तपासले नसावेत.

आता ‘संस्था’. इथे मात्र पुस्तकाची बाजू घेते, कारण हा भेद खरंच कामाचा आहे. समाजशास्त्रज्ञ मॅकआयव्हर यांचं सांगणं असं की माणूस मंडळाचा सभासद होतो, संस्थेचा नाही. मंडळाला पावतीपुस्तक असतं, अध्यक्ष असतो, भांडणं असतात. संस्था म्हणजे रुळलेली रीत, नियमांची बांधणी: विवाहसंस्था, कुटुंबसंस्था, जातिसंस्था. हे मला वर्षानुवर्षं नीट समजावता येत नव्हतं. मग एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, विवाहसंस्थेचं ऑफिस कुठे असतं?’ वर्ग हसला. मी म्हटलं, ऑफिस वधूवर सूचक मंडळाचं असतं, विवाहसंस्थेचं नसतं. मंडळ उद्या बंद पडलं तरी लग्नं व्हायची थांबतील का? तेवढ्यावर काम झालं.

त्यामुळे सर, पतसंस्थेला गुण देऊ नका, पण शून्यावरही सोडू नका. शेजारी लिहा: ‘हे मंडळ. यामागची संस्था कोणती?’ कर्ज, व्याज, जामीन, पत यांचे जे नियम सगळा गाव न लिहिता पाळतो, तिथपर्यंत पोरं आपणच जातील.

वकीलकाकू
मॅडम, ‘जामीन राहणे’ ही संस्था आहे हे मी आजवर अनुभवाने जाणत होते, आता शास्त्राने कळलं.

कोशकिडा
मॅडमच्या सांगण्यात एक पुरवणी. समाजाला मराठीत रोजचा प्रतिशब्द ‘समाज’ नाहीच मुळी, ‘लोक’ आहे. ‘लोक काय म्हणतील’, ‘चारचौघांत शोभत नाही’, ‘जनाची नाही तर मनाची तरी’. हे चारचौघे कोण, ते कधी कुणी पाहिलेत? नावं विचारा, कुणाला सांगता येणार नाहीत, पण धाक सगळ्यांना. पुस्तकात ‘सामाजिक नियंत्रण’ म्हणून जो धडा असतो तो हाच.

आणि भावकी, गावकी हे शब्द विसरू नका. समुदाय शिकवायला गावकीइतका नेमका शब्द कुठला? १९१५ साली त्रिं. ना. आत्र्यांनी ‘गावगाडा’ लिहिलं, त्यात बलुतं आहे, वतन आहे, सगळा गाव आहे.

निवृत्त मास्तरीण
गावकीला माझी हरकत. शब्द नेमका आहे, पण त्याला गोडवा चिकटवू नका. वाळीत टाकते तीही गावकीच, नाहीतर जातपंचायत. त्यावर राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा करावा लागला. शिकवायची तर दोन्ही बाजूंनी शिकवा. वर्गात एखादं मूल असं असतं ज्याच्या घराने हे भोगलेलं असतं, आणि ते हात वर करत नाही.

कोशकिडा
मान्य. ‘वाळीत’ हा शब्द मी गावकीच्या बरोबरीनेच द्यायला हवा होता.

फळा-खडू
सगळ्यांचे आभार. काल पेपर परत दिले. आधीचा प्रश्न रद्द केला आणि नवा घातला: ‘तुमच्या घरात समाज हा शब्द कोण, केव्हा वापरतं ते लिहा.’ पाच गुण. एका मुलीचं उत्तर जसंच्या तसं देतो:

‘आई म्हणते आपल्याला समाजात राहायचं आहे. तेव्हा ती आमच्या जातीबद्दल बोलत असते. पप्पा म्हणतात समाज बिघडला. तेव्हा ते दुसऱ्यांबद्दल बोलत असतात. आजी समाज म्हणत नाही, ती लोक म्हणते.’

निवृत्त मास्तरीण
किती दिलेत?

फळा-खडू
पाच. सहा देता येत नाहीत.

रोखठोक
आणि तो वधूवर मेळावा?

फळा-खडू
तीन. बासुंदीचा ‘सु’ दीर्घ लिहिला होता, ते सोडून दिलं.