क्वार्टरबॅकला रिसीव्हर करा म्हणणाऱ्यांनो, त्या मुलाला विचारलंत का?

ओलेंटँजीकाठ
परवाच्या धाग्यात 'चौथा डाउन' यांनी लिहिलंय की अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, खेळ चालवणारा) पायाने वेगवान असेल तर त्याला सरळ रिसीव्हर (पुढे पळून तो चेंडू झेलणारा) करावं. नाही म्हणाला तर तो 'स्वतःपुरतं बघणारा' मुलगा. आणि सगळ्यांनी ब्रॅक्स्टन मिलरसारखा शहाणपणा दाखवावा. हे वाचून मी दोन दिवस धुमसतेय, म्हणून वेगळा धागा.

मिलरचं नाव तुम्ही काढलंत तर मिलरचंच बोलू. २०१२ आणि २०१३, लागोपाठ दोन वर्षं बिग टेन या कॉलेज-गटाचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरलेला ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक. ऑगस्ट २०१४ मध्ये फेकीचा खांदा सरावात पुन्हा गेला. त्याच्या जागी बॅरेट आला, बॅरेटचा घोटा मोडला तर कार्डेल जोन्स आला आणि जानेवारी २०१५ मध्ये ओरेगॉनला ४२-२० हरवून ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता झालं. मिलर परत आला तेव्हा त्याच्या जागेवर दोघे जण उभे होते आणि खांदा पहिल्यासारखा राहिला नव्हता. अशा वेळी त्याने स्वतः जागा बदलली. तुमच्या पोस्टमधल्या मुलाचा खांदा शाबूत आहे, त्याला फेकायचं आहे, आणि निर्णय दुसराच कुणी घेतोय. ही दोन उदाहरणं एका तागडीत कशी बसतात?

पुढचंही सांगते. ७ सप्टेंबर २०१५, व्हर्जिनिया टेकविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने ५४ यार्डांचा झेल टचडाउनपर्यंत (शेवटच्या रेषेपलीकडे, सहा गुणांना) नेला, मग ती गिरकी मारून ५३ यार्डांची धाव. आमच्या घरात सगळे सोफ्यावरून उठले होते. पण उरलेला मोसम आठवतोय कुणाला? सगळे मिळून पंचवीसेक झेल. टेक्सन्स या व्यावसायिक संघाने ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तिथे) तिसऱ्या फेरीत घेतला, दोन मोसम खेळला, संपलं. कारण रिसीव्हर होणं म्हणजे नुसतं पळणं नाही. समोरचा कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, पहिल्या तीन पावलांतच छातीवर हात लावून अडवतो, तिथून सुटायचं कसं? रूट, म्हणजे पळायची ठरलेली वाट, १२ यार्डांवर तोडायचा म्हणजे बारावरच, दहावर नाही. चेंडू दुसरीकडे गेला की ब्लॉक करायचं. हे सातवीपासून करत आलेल्या मुलांसमोर तुम्ही विशीतल्या पोराला एका उन्हाळ्यात उभं करता आणि जमलं नाही की म्हणता, मनापासून केलं नाही.

माझ्या भाच्याला या वसंतात हेच सांगितलं गेलं. छोटं कॉलेज आहे, डिव्हिजन थ्री, तिथे खेळाची स्कॉलरशिपसुद्धा नसते. तो 'विचार करतो' म्हणाला, तर दुसऱ्या दिवसापासून त्याचे सरावातले स्नॅप (खेळी सुरू करताना चेंडू हातात येणं) बंद. त्याच्या आईने रडत फोन केला होता. म्हणून 'स्वतःपुरतं बघणारा' हा शब्द मला फार लागला.

चौथा डाउन
ताई, भाच्याबद्दल वाईट वाटलं, पण भावनेने रोस्टर चालत नाही. एका वेळी मैदानात क्वार्टरबॅक एक असतो आणि रिसीव्हर तीन-चार. मोठ्या कॉलेजांत वर्षानुवर्षं ८५ स्कॉलरशिपा असायच्या, त्यात चार क्वार्टरबॅक. तिघं जण हातात क्लिपबोर्ड धरून उभे. त्यातला एक ताडकन पळणारा असेल तर त्याला तसाच कुजवायचा?

आणि एडलमन सोयीस्कर विसरलात. केंट स्टेटचा क्वार्टरबॅक. कॉलेजात रिसीव्हर म्हणून खेळलाच नाही. २००९ मध्ये ड्राफ्टच्या सातव्या फेरीत, २३२ वा. दहा वर्षांनी सुपर बोल ५३ चा (व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याचा) सर्वोत्तम खेळाडू, १० झेल, १४१ यार्ड. इंडियानाचा रँडल एल घ्या. स्टीलर्सनी रिसीव्हर केला आणि सुपर बोल ४० मध्ये त्याच रिसीव्हरने हाइन्स वॉर्डला ४३ यार्डांचा टचडाउन पास फेकला. जुनं कसब वाया जात नाही. क्वार्टरबॅक राहण्याचा हट्ट धरला असता तर या दोघांची नावं आज कुणाला माहीत असती?

मेझ अँड ब्लू
एडलमनचं अर्धंच सांगितलंत. १०५ झेलांचा त्याचा मोसम २०१३ चा, म्हणजे पाचवा. मधली चार वर्षं तो पंट (समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू) परत आणत होता, माणसं कमी पडली तेव्हा बचावातही उभा राहिला. प्रो संघ पगार देऊन चार वर्षं थांबतो. कॉलेजात मुलाकडे एकूण मोसमच चार. शिकेपर्यंत पदवी हातात.

आता आमच्या मिशिगनचं ऐका. २०१२ मध्ये डेव्हिन गार्डनरला रिसीव्हर केला, कारण डेनार्ड रॉबिन्सन होताच. ऑक्टोबरमध्ये नेब्रास्काला डेनार्डच्या कोपराला मार बसला, बदली मुलाला काही झेपेना, आणि गार्डनर बाजूला रिसीव्हरच्या कपड्यात उभा! पुढच्या आठवड्यात मिनेसोटाविरुद्ध धावतपळत त्याला परत क्वार्टरबॅक केलं. पुढच्या वर्षी ओहायो स्टेटविरुद्ध याच मुलाने मोडक्या पायाने ४५१ यार्ड फेकले. ४२-४१ ने हरलो. त्या रात्री मी ॲन आर्बरच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता अर्धा तास बसलो होतो. २०१२ चा सगळा सराव त्याने फेकण्याचा केला असता तर काय झालं असतं, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

चौथा डाउन
एका गुणाने हरलात ते शेवटी सोप्या एका गुणाऐवजी दोन गुणांसाठी गेलात म्हणून. त्याचा इथे संबंध नाही.

मेझ अँड ब्लू
संबंध नाही कसा? तोच मुलगा, तोच हात!

डेन्व्हरचा डोंगर
मूळ गोष्ट कुणीच बोलत नाहीये. 'हा पळतो चांगला, याला रिसीव्हर करा' हे वाक्य गेली साठ वर्षं कोणत्या मुलांना ऐकवलं गेलं? मार्लिन ब्रिस्को. ओमाहाच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी त्याला घेतलं ते बचावासाठी. १९६८ मध्ये नाइलाज झाला म्हणून क्वार्टरबॅक केलं, तर पोराने १४ टचडाउन पास फेकले. आधुनिक काळात सामना सुरू करणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेसाठी स्पर्धासुद्धा करू दिली नाही. बफेलोला जाऊन रिसीव्हर झाला, १९७० मध्ये प्रो बोल (निवडक सर्वोत्तम खेळाडूंचा सामना) खेळला, १९७२ च्या अपराजित डॉल्फिन्समध्येही होता. तुम्ही म्हणाल, बघा, फायदाच झाला. मी म्हणतो, त्याचा क्वार्टरबॅक म्हणून दुसरा मोसम आपण कधीच पाहिला नाही.

वॉरन मूनने ऐकलं नाही. रोझ बोल या कॉलेज-सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू, आणि १९७८ च्या ड्राफ्टमध्ये कुणी निवडला नाही. कॅनडात गेला, तिथल्या लीगचे पाच ग्रे कप जिंकले, आणि आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. आणि २०१८ ची गोष्ट तर तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोरची. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार जिंकलेल्या लमार जॅक्सनला माजी संघ-व्यवस्थापक बिल पोलियन जाहीरपणे म्हणाले, रिसीव्हर हो. तो ३२ वा गेला. २०१९ मध्ये ३६ टचडाउन पास आणि एकमताने मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. पोलियननी नंतर चूक कबूल केली. त्यांनी केली, इथले लोक करणार नाहीत.

चौथा डाउन
आलं! मी वेगाबद्दल बोललो, रंगाबद्दल एक शब्द काढला नाही. एडलमन गोराच आहे. मला वर्णद्वेष्टा म्हणायचं असेल तर सरळ म्हणा, इतिहासाआडून नको.

डेन्व्हरचा डोंगर
तुम्हाला म्हटलं नाही. तुम्ही वापरलेल्या वाक्याला म्हटलं. ते वाक्य तुमच्याआधीपासून आहे.

सिली पॉइंट
आपल्या द्रविडचं उदाहरण कुणी कसं दिलं नाही? २००३ च्या विश्वचषकात ग्लोव्हज घातले म्हणून सातवा फलंदाज खेळवता आला. फायनलपर्यंत पोचलो. एकूण ७३ वनडेत कीपिंग केलं त्याने. याला म्हणतात संघासाठी खेळणं.

डेन्व्हरचा डोंगर
द्रविडच्या हातातली बॅट कुणी काढून घेतली नव्हती. त्याला जास्तीचं काम दिलं. इथे मुलाचं मूळ कामच काढून घेतात.

पोह्यांचा शनिवार
आणि सचिन? ऑकलंड, २७ मार्च १९९४. सिद्धूची मान आखडली होती, सचिनने स्वतः जाऊन सलामी मागितली. ४९ चेंडूंत ८२. मागून घेतलेली जागा आणि गळ्यात मारलेली जागा यात फरक आहे, ओलेंटँजीताई तेच सांगतायत.

स्टंपामागे
माफ करा, पण द्रविडच्या त्यागाचं कौतुक ऐकलं की माझं रक्त तापतं. २००३ च्या त्या संघात पार्थिव पटेल कीपर म्हणूनच होता. एकही सामना मिळाला नाही. लहानपणापासून स्टंपामागे बसून गुडघे झिजवलेल्या मुलाचा विचार कोण करतं? मी नाशिकला कॉलेजात कीपर होतो. तिसऱ्या वर्षी आमच्या सरांनी एका फलंदाजाला ग्लोव्हज दिले, 'बॅटिंग वाढते' म्हणून. त्याने पहिल्याच सामन्यात तीन झेल सोडले, तरी मी बाहेरच. पाण्याच्या बाटल्या वाहिल्या वर्षभर.

सिली पॉइंट
अहो, तुमचं कॉलेज आणि विश्वचषक एक आहे का? तो संघ फायनलला गेला, तुमचा कुठे गेला?

स्टंपामागे
कुठेच नाही. तीन झेल सोडल्यावर कुठे जाणार?

सिली पॉइंट
द्रविडने असे किती सोडले, ते सांगा ना. उगाच मोठ्या माणसावर राग काढायचा.

स्टंपामागे
द्रविडवर राग नाहीच माझा. त्याला ग्लोव्हज देणाऱ्या विचारावर आहे. कीपिंग हे काम आहे, रिकामी खुर्ची नाही की येईल त्याने बसावं.

पोह्यांचा शनिवार
दोघांनी क्रिकेटचा वेगळा धागा काढा, कृपा करून. पण स्टंपामागे यांच्या बोलण्यातून एक सुचलं. क्वार्टरबॅकला रिसीव्हर केला की आधीचा रिसीव्हर कुठे जातो? माझा मुलगा शाळेत रिसीव्हर होता. तीन उन्हाळे पहाटे साडेपाचला मी त्याला मैदानावर सोडलं. शेवटच्या वर्षी दुसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकला 'इतका चांगला ॲथलीट बाहेर कसा बसवायचा' म्हणून याच्या जागी घातलं. त्या मुलालाही ते नको होतं. माझ्या मुलालाही नको होतं. कोच मात्र खूश. आणि माझ्या मुलाला काय विचारलं माहितीये? 'किक मारायला शिकतोस का?' आपल्या भारतीय मुलांना बघून दरवेळी किकरच का आठवतो, हे मला कुणीतरी सांगा.

मेझ अँड ब्लू
शंभर टक्के. आमच्याकडेही हेच ऐकलंय.

ओलेंटँजीकाठ
ताई, हा कोन माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी फक्त क्वार्टरबॅकच्या बाजूने बघत होते.

डेन्व्हरचा डोंगर
परतीचं दार उघडं ठेवतात का, तेही बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडच्या नियमांमुळे ब्रॉन्कोजचे सगळे क्वार्टरबॅक बाद झाले. केंडल हिंटनला उभं केलं. वेक फॉरेस्टमध्ये क्वार्टरबॅकचा रिसीव्हर झालेला मुलगा. ९ पैकी १ पास पूर्ण, १३ यार्ड, ३१-३ ने हार. लोक हसले त्याला. मी तो सामना शेवटपर्यंत पाहिला, मला एकदाही हसू आलं नाही. ज्या मुलाचा फेकीचा सराव तुम्हीच बंद केलात, त्याच्याकडून एका दिवसात काय अपेक्षा करता?

चौथा डाउन
सगळे एका बाजूने बोलताहात, म्हणून आता माझं ऐका. मी हे हवेत लिहिलेलं नाही.

माझा मुलगा कॉलेजात तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक होता. दुसऱ्या वर्षी कोचनी रिसीव्हर हो म्हणून सुचवलं. नीट बसवून, चहा-कॉफी देऊन सुचवलं. तो नाही म्हणाला आणि मीही त्याला म्हटलं, बाळा, मन मारू नकोस. पुढची तीन वर्षं त्याने बाजूला उभं राहून हाताने खुणा करत प्ले पाठवले. शेवटच्या वर्षी शेवटच्या घरच्या सामन्यात, सामना केव्हाच जिंकलेला, तेव्हा त्याला आत पाठवलं आणि त्याने नुसती वेळ घालवायला चेंडू घेऊन एकदा गुडघा टेकला. त्याच्या कॉलेजच्या खेळाचा एकच डाउन (एक खेळी), तोही गुडघा टेकण्याचा. आम्ही सोळाशे मैल गाडी चालवून तो बघायला गेलो होतो. आई स्टँडमध्ये टाळ्या वाजवत होती आणि मी मान खाली घालून बसलो होतो, कारण 'मन मारू नकोस' मी म्हटलं होतं. म्हणून मी 'रिसीव्हर करा' लिहितो. चिडून लिहितो, हे खरं.

ओलेंटँजीकाठ
हे आधी लिहिलं असतंत तर मी वेगळ्या सुरात उत्तर दिलं असतं. मुलाला कधी विचारलंत, त्याला पश्चात्ताप आहे का?

चौथा डाउन
विचारलं. नाही म्हणतो. संघातल्या सगळ्या मुलांची लग्नं खाऊन आलाय, खुणांचं अख्खं पुस्तक अजून पाठ आहे. पश्चात्ताप मलाच आहे बहुतेक.

पोह्यांचा शनिवार
मग तो 'स्वतःपुरतं बघणारा' झाला का?

चौथा डाउन
नाही. तो शब्द मागे घेतो. मुलाला विचारायला हवं, हेही मान्य, आणि विचार करतो म्हणाला म्हणून स्नॅप बंद करणं हा कोचचा कोतेपणा आहे. पण बाकीचं मान्य नाही. नाही म्हणायचा हक्क असेल तर नंतर बसून राहायची तयारीही त्याचीच हवी. आणि हल्ली ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलायची सोय, २०२१ पासून पहिल्या बदलीसाठी एक वर्ष बाहेर बसावंही लागत नाही. जॉन रीस प्लमलीला ओल मिस कॉलेजने रिसीव्हर केला, तो सेंट्रल फ्लोरिडाला जाऊन परत क्वार्टरबॅक झाला. तुमच्या भाच्यालाही वाट बंद नाही.

ओलेंटँजीकाठ
त्याला कॉलेज सोडायचं नाहीये. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष आहे, मित्र तिथे आहेत. काल रात्री बोलले त्याच्याशी. तो म्हणतो, रिसीव्हर करून बघेन, पण आठवड्यातून दोनदा क्वार्टरबॅकांबरोबर फेकू द्या, असं कोचना स्वतः जाऊन सांगणार आहे. उन्हाळ्यात रूट शिकवायला कुणीतरी शोधतोय. सिनसिनाटीजवळ राहतो.

चौथा डाउन
माझा मुलगा सिनसिनाटीतच नोकरीला आहे. रूट त्याला शिकवता येणार नाहीत, पण दर शनिवारी सकाळी फेकायला येईल. हात अजून चांगला आहे त्याचा. व्यक्तिगत निरोप पाठवते का भाच्याची आई?

ओलेंटँजीकाठ
मीच करते.