शब्दचर्चा : ‘डार्क पॅटर्न’ला मराठीत काय म्हणावं?

कंदील

ग्राहकांसाठीच्या माहितीपत्रकात ‘डार्क पॅटर्न’साठी, म्हणजे ग्राहकाला नको ते करायला लावणाऱ्या ॲप किंवा संकेतस्थळाच्या मांडणीसाठी, मराठी शब्द हवा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविषयीची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि परिशिष्टात १३ प्रकार दिले. भाषांतरयंत्राला विचारलं तर ‘गडद नमुने’ मिळतं. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. सगळ्या प्रकारांना मिळून एक शब्द हवा, आणि जमल्यास एकेका प्रकाराला वेगळा. तक्रार लिहिताना वापरता आला पाहिजे, एवढीच अट.

शाईपेन

‘गडद नमुने’ पहिल्यांदा बाद करा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘गडद’ म्हणजे काळ्या पार्श्वभूमीचा पडदा. लोक तोच अर्थ घेतील. ‘नमुना’ सरकारी मराठीत फॉर्मला म्हणतात : गाव नमुना सात, नमुना आठ-अ. त्यामुळे ‘गडद नमुन्यांना प्रतिबंध’ हे वाक्य कसल्यातरी अर्जाबद्दलचं वाटतं.

‘काळा’ हा शब्द काळा बाजार, काळा पैसा यांमुळे ओळखीचा आहे, पण तिथे व्यवहार लपूनछपून होतो. इथे सगळं उघड पडद्यावर होतं आणि वर पावतीही मिळते.

मूळ शब्द हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये रूढ केला. पुढे त्यानेच ‘डार्क’ सोडून ‘फसवा’ या अर्थाचा शब्द वापरायला सुरुवात केली. आपणही सरळ ‘फसवी रचना’ म्हणावं.

उंबरठा

‘फसवी रचना’ तेराही प्रकारांना लागू होत नाही. नीट पाहिलं तर त्यांत दोन जाती आहेत. एका जातीत काहीतरी लपवलेलं किंवा खोटं असतं : हळूच घुसडलेली वस्तू, जाहिरात असून बातमीसारखी दिसणारी मजकुराची पट्टी, ‘फक्त २ खोल्या शिल्लक’ अशी खोटी पाटी. दुसऱ्या जातीत काहीच खोटं नसतं. ‘नोटिफिकेशन चालू करा’ असं ॲप दर वेळी विचारतं आणि ‘नको’ हा पर्यायच ठेवत नाही. यात फसवलं कुठे? माणसाला फक्त जेरीस आणलं.

दुसरा धोका कायद्याचा. ‘फसवणूक’ म्हटलं की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ डोळ्यांसमोर येतं. तिथे अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो. डार्क पॅटर्नचं प्रकरण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येतं : दिशाभूल करणारी जाहिरात, अनुचित व्यापारी प्रथा किंवा ग्राहक हक्कांचं उल्लंघन. ‘माझी फसवणूक झाली’ एवढंच लिहिणाऱ्याला पोलिसांकडे जा असं सांगितलं जाण्याची शक्यता असते. माहितीपत्रकात हा फरक यायलाच हवा.

पाणवठा

मग ‘चकवा’ घ्या. माळावर चकवा लागलेला माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो. सेवा बंद करायला निघालेल्या ग्राहकाचं अगदी हेच होतं. ॲमेझॉनच्या प्राइम सदस्यत्वाबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये जो दावा लावला, त्यात सदस्यत्व रद्द करण्याच्या वाटेचं मोजमाप दिलेलं आहे : ४ पानं, ६ क्लिक, १५ पर्याय. आत येण्यासाठी मात्र एक-दोन क्लिक पुरत. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटलं. त्यातला एक अब्ज दंड आणि दीड अब्ज ग्राहकांना परत.

‘चकवा’मध्ये खोटं बोलणं अनिवार्य नाही, त्यामुळे उंबरठा यांनी सांगितलेल्या दोन्ही जाती त्यात बसतात. अनेकवचन सोपं : चकवे. विशेषणही तयार आहे : चकवा देणारी मांडणी.

शाईपेन

शब्द आवडला, पण एक शंका आहे. ‘चकवा देणं’ हे खेळात कौतुकानं म्हणतात. आणि चकवा ‘लागतो’, तो कुणी मुद्दाम ‘लावत’ नाही. चकवा लागला म्हटलं की दोष रानाचा किंवा वाट चुकणाऱ्याचा. इथे तर मांडणी कंपनीने विचार करून केलेली असते. कोणत्या रंगाच्या बटणावर किती लोक बोट ठेवतात हे मोजून बटण ठरवलेलं असतं. मार्गदर्शक तत्त्वांच्या व्याख्येतही ‘दिशाभूल करण्यासाठी रचलेली’ हाच भाव मुख्य आहे. करणारा वाक्यातून गायब होता कामा नये.

पाणवठा

मान्य. मग माहितीपत्रकात क्रियापद बदलावं : ‘कंपनीने चकवा रचला’. ‘रचणं’ आलं की हेतू आला. शीर्षकात मात्र ‘डार्क पॅटर्न’ देवनागरीत एकदा राहू द्या. अधिसूचनेतलं नाव तेच आहे आणि तक्रार ज्याच्या टेबलावर जाईल तो तेच नाव शोधेल.

उंबरठा

आता प्रकारांकडे वळतो. मला यात खरा रस आहे, कारण यातल्या बहुतेक कृत्यांना मराठीत आधीपासून क्रियापदं आहेत. नवी नामं पाडायची गरज नाही.

न विचारता कार्टमध्ये विमा, देणगी किंवा आणखी काही जोडणं (तत्त्वांतलं ‘बास्केट स्नीकिंग’) म्हणजे घुसडणं. काही जण इथे ‘माथी मारणं’ सुचवतील, पण माथी मारलेली वस्तू माणसाला दिसते, नको असताना घ्यावी लागते. घुसडलेली दिसत नाही. दोन्हींत पुरावा वेगळा लागतो : घुसडण्यात कार्टचं पहिलं पान आणि पैसे भरण्याचं पान यांची तुलना, माथी मारण्यात तो पर्याय काढताच येत नाही हे दाखवणारं पान. आणि सगळीच वाढ घुसडलेली नसते. मोफत नमुना, किंवा खरेदीच्या वेळी स्पष्ट दाखवलेला डिलिव्हरीचा खर्च आणि कर यांना तत्त्वांत सूट आहे.

आधीच खूण करून ठेवलेली चौकट हा घुसडण्याचा नेहमीचा मार्ग. तिला तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीच मनाई केली आहे. संमती ग्राहकाने स्वतः कृती करून द्यायची असते.

नकाराच्या बटणावर ‘मी असुरक्षितच राहीन’ असं लिहिणं म्हणजे टोमणा. ‘भीड घालणं’ हा शब्दही मनात आला होता, पण भिडेला ओळखपाळख लागते. इथे अनोळखी बटण माणसाला घालूनपाडून बोलतं. ‘नकारावर टोमणा’ हे नाव मला अचूक वाटतं.

पुन्हा पुन्हा विचारत राहणं म्हणजे भुणभुण. ‘तगादा’ नको. तगादा लावणाऱ्याचं काहीतरी येणं असतं. कंपनीचं आपल्याकडे काही येणं नाही.

आधार क्रमांक दिल्याशिवाय किंवा भलतंच ॲप उतरवल्याशिवाय पुढे जाऊ न देणं म्हणजे अडवणूक. या शब्दावर वाद होऊ नये.

कंदील

‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ला ‘वर्गणीचा सापळा’ लिहिलं आहे. चालेल?

शाईपेन

नको. मासिकाची वर्गणी संपते. नूतनीकरण केलं नाही तर अंक येणं थांबतं. ॲपचं सबस्क्रिप्शन उलट चालतं : तुम्ही थांबवलं नाही तर पैसे जातच राहतात. सगळा घोळ या फरकात आहे आणि ‘वर्गणी’ शब्द नेमका तोच झाकतो. ‘सबस्क्रिप्शन’ बोलण्यात रुळलेलं आहे, ते ठेवा. प्रकाराला गळेपडू सबस्क्रिप्शन म्हणा. तत्त्वांत त्याच्या खुणा दिल्या आहेत : रद्द करणं अशक्य किंवा लांबलचक करणं, रद्द करण्याचा पर्याय लपवणं, फुकट म्हणून दिलेल्या सेवेसाठीही पैसे भरण्याची माहिती सक्तीने घेणं, रद्द करण्याच्या सूचना संदिग्ध ठेवणं.

पत्रकात याच्या शेजारी रिझर्व्ह बँकेचा नियम द्या. कार्डवरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापले जात असतील तर कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. सर्वसाधारण व्यवहारात १५,००० रुपयांवरच्या प्रत्येक कपातीला वेगळी पडताळणी लागते. ज्या बँकेचं कार्ड, तिथे हा मॅन्डेट, म्हणजे आपोआप कपातीला दिलेली परवानगी, रद्द करता येतो. यूपीआयचा ऑटोपे असेल तर तो यूपीआय ॲपमधूनच बंद करायचा. लोक चुकतात ते पुढे : ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं असं समजतात. ते संपत नाही. उलट मॅन्डेट रद्द केल्याने पैसे थांबतात, पण कंपनीकडचं खातं आपोआप बंद होतंच असं नाही. दोन्हीकडे रद्द करावं आणि दोन्हीकडची पोच ठेवावी.

पाणवठा

‘ड्रिप प्रायसिंग’साठी ‘थेंबाथेंबाने किंमत’ असं करू नका. ‘थेंबे थेंबे तळे साचे’मुळे मराठी कानाला ते बचतीसारखं चांगलं वाटतं. ‘छुपे शुल्क’ही नेमकं नाही, कारण रक्कम शेवटी दिसते. फक्त पायरीपायरीने, माघार घेणं जिवावर येईल तेव्हा. बिलावर पैसे ‘चढवतात’ हे आपण म्हणतोच, म्हणून चढती किंमत. यातही एक अपवाद आहे. दुसऱ्या विक्रेत्याने भाव बदलल्यामुळे किंवा प्लॅटफॉर्मच्या हाताबाहेरच्या कारणाने झालेला चढउतार प्लॅटफॉर्मच्या माथी येत नाही. म्हणून पहिल्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट काही मिनिटांच्या अंतरानेच घ्यावा, वेळ दिसेल असा. मध्ये तास गेला तर भाव बदलला असं सांगायला जागा राहते.

कंदील

आणि ‘ट्रिक क्वेश्चन’?

पाणवठा

शब्दच्छल. हा शब्द याच कामासाठी आहे. उदाहरण जवळून पाहा :

‘आमच्या सवलतींची माहिती येणं कायमचं बंद होऊ नये असं आपल्याला वाटत नाही का?’
[होय, माहिती हवी] [आता नको]

प्रश्नात नकारावर नकार रचलेले आहेत. त्यामुळे नुसत्या ‘होय’चा अर्थ कुणालाही चटकन लागणार नाही. उत्तरांत ‘होय’ स्पष्ट आहे, ‘नको’ नाही. मराठीत ‘आता नको’ हा सभ्य आणि पुरता नकार असतो. पाहुणा ‘आता नको’ म्हणाला की आपण आग्रह थांबवतो. ॲप मात्र ‘आता’ हा शब्द पकडतं आणि उद्या पुन्हा विचारतं. म्हणजे शब्दच्छलातून भुणभुण जन्मते. मराठी ॲप बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ‘नको’ हे दोन अक्षरांचं बटण द्या.

उंबरठा

उरलेले पटकन. खोटी निकड : खोटी घाई. दाखवलेलं सोडून दुसरंच पुढे करणं : दाखवणं एक, देणं दुसरं (लांब आहे, पण कळतं). जाहिरात लपवणं : वेषांतर केलेली जाहिरात. ‘नको’ फिकट रंगात आणि ‘हो’ ठळक : झुकती मांडणी. चाचणीचा काळ संपल्यावर न सांगता पैसे कापणं : न कळवता बिल. तेरावा प्रकार खंडणीखोर आणि भीती घालणाऱ्या सॉफ्टवेअरचा. माझ्या मते तो या यादीत नको होता. तो सरळ गुन्हा आहे. सप्टेंबर २०२३ च्या मसुद्यात १० प्रकार होते, अंतिम यादीत तीन वाढले, हा त्यांतलाच.

शाईपेन

आणखी एक दुरुस्ती. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःचं ऑडिट करायला सांगितलं. ती ‘ॲडव्हायजरी’ होती. तिला ‘आदेश’ लिहू नका, ‘सूचनापत्र’ लिहा. आदेश मोडला तर कायद्यात शिक्षा आहे : कलम ८८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सूचनापत्राला तसा दात नाही. त्यानुसार कंपनी ‘आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत’ असं जाहीर करते तेव्हा त्याला ‘स्वयंघोषणा’ म्हणावं, ‘प्रमाणपत्र’ नव्हे. ज्याने चकवा रचला त्यालाच तो शोधायला सांगायचं, हे धोरण म्हणून मला अपुरं वाटतं. तपासणी बाहेरच्याने करावी आणि निष्कर्ष जाहीर व्हावेत.

कंदील

सगळ्यांचे आभार. मग तक्रारीचा मजकूर असा ठेवतो, पाहा बरं :

‘दिनांक __ रोजी __ या ॲपवर ऑर्डर क्र. __ देताना पहिल्या पानावर एकूण रक्कम __ रुपये होती. मी कोणतीही खूण केली नसताना पैसे भरण्याच्या पानावर __ ही सेवा __ रुपयांना घुसडलेली होती (डार्क पॅटर्न, प्रकार : बास्केट स्नीकिंग). दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला __ रोजी कळवले.’

उंबरठा

उत्तम. खाली मुदती जोडा. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, हे ई-कॉमर्स नियमांत आहे. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. नुकसानभरपाई हवी असेल तर मात्र ग्राहक आयोगात जावं लागतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.

आणि ‘पहिल्या पानावर’च्या जागी ‘कार्टच्या पानावर’ करा. पहिलं पान कोणतं, यावरच वाद होईल.